‘स्प्रे’चा सुतार, ‘स्प्रे’चा कप्तान

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणून जोशुआ स्लोकम याचे नाव सागरी पर्यटनाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. एप्रिल १८९५ ते जून १८९८ या सव्वातीन वर्षांत त्याने सुमारे ४६ हजार मैलांचा प्रवास केला. या प्रवासाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यामानाने स्लोकमच्या आयुष्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. तो कसलेला खलाशी होताच. परंतु त्याबरोबरच तो होडी बांधणारा, मोडलेली होडी उभी करणारा आणि वेळच्या वेळी तिची निगा राखणारा कारागीरही होता. समुद्रावर निघणाऱ्या माणसाने आपल्या होडीचा प्रत्येक सांधा स्वतःच्या हातांनी ओळखला पाहिजे, हा धडा त्याच्या आयुष्याने घालून दिला. उतारवयात तोच धडा त्याच्याकडून सुटत गेला, आणि त्याच्या अखेरीविषयी आजही जी हळहळ वाटते, तिचे मूळ तिथे आहे.

कठोर बालपण

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. अकरा भावंडांतला तो पाचवा. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब ब्रायर बेटावर राहायला गेले. तेथे वडील कोळ्यांसाठी चामड्याचे बूट शिवण्याचा व्यवसाय करीत. वडील कमालीचे शिस्तप्रिय आणि तापट होते. मुलाने चोरूनमारून कोरलेली जहाजाची प्रतिकृती त्यांच्या हाती लागली, तेव्हा त्यांनी ती फोडून टाकली आणि मुलालाही चोप दिला. लाकडातून जहाज घडवण्याचे वेड मात्र त्यामुळे गेले नाही. चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि मासेमारीच्या एका गलबतावर स्वयंपाक्या म्हणून लागला. तो पुन्हा घरी परतला खरा, पण १८६० मध्ये आईचा मृत्यू झाल्यावर त्याने घर कायमचे सोडले.

त्यानंतरची तीस वर्षे त्याने व्यापारी जहाजांवर काढली. साधा खलाशी म्हणून सुरुवात करून तो पंचविशीत कप्तान झाला. ३१ जानेवारी १८७१ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे त्याचा व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी विवाह झाला. पुढची तेरा वर्षे ती त्याच्याबरोबर जहाजावरच राहिली. संसार आणि मुलांचे शिक्षण सारे काही तिथेच झाले. लग्नानंतरच्या पहिल्याच मोहिमेत अलास्काच्या किनाऱ्यावर ‘वॉशिंग्टन’ हे त्याचे जहाज नांगर सरकल्याने वाळूत रुतून नष्ट झाले. स्लोकमने पत्नीला, सर्व खलाशांना आणि पकडलेल्या सॅमन माशांचा साठादेखील सुखरूप बाहेर काढला. फिलिपाइन्समधील सुबिक उपसागराच्या काठी त्याने १५० टनी आगबोटीचा सांगाडा बांधून दिला आणि मोबदल्यात ‘पाटो’ नावाचे गलबत मिळवले. हाती आयुधे आणि समोर लाकूड असले की या माणसाला परिस्थितीचे भय वाटत नसे.

पुढे ‘नॉर्दर्न लाइट’ या मोठ्या आणि देखण्या जहाजात त्याची भागीदारी होती. त्याच्या व्यावसायिक जीवनाचा तो कळस म्हणता येईल. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. २५ जुलै १८८४ रोजी ब्वेनोस आयरेस येथे व्हर्जिनियाचे निधन झाले. तिचे वय अवघे ३४ वर्षे होते. १८८६ मध्ये स्लोकमने हेन्रिएटा या आपल्या नात्यातील तरुणीशी दुसरा विवाह केला. परंतु ‘अ‍ॅक्विडनेक’ या त्याच्या जहाजावर एकामागून एक संकटे आली. खलाशांचे बंड आणि देवीची साथ यांतून सुटलेले हे जहाज १८८७ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर आदळून फुटले. त्यावर विमाही नव्हता.

मोडलेल्या जहाजातून नवी होडी

परक्या देशात, दोन मुले आणि नवी पत्नी बरोबर असताना स्लोकमने मदतीची वाट पाहिली नाही. जहाजातून वाचलेले सामान आणि स्थानिक जंगलातील लाकूड यांतून त्याने ३५ फुटी होडी बांधायला घेतली. खिळ्यांखाली घालायच्या चकत्यांसाठी तांब्याची नाणी वापरली. शिडे पत्नीने शिवली. चिनी पद्धतीची शिडे असलेली ही होडी १३ मे १८८८ रोजी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून तिचे नाव ठेवले ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. साडेपाच हजार मैलांचे अंतर कापून हे कुटुंब त्याच वर्षी अमेरिकेत पोहोचले. हेन्रिएटाला मात्र समुद्र पुरेसा झाला होता. ती पुन्हा अशा प्रवासाला निघाली नाही.

अमेरिकेत परतलेल्या स्लोकमपुढे वेगळाच प्रश्न उभा होता. शिडाच्या जहाजांचा काळ सरत चालला होता. आगबोटींनी व्यापार काबीज केला होता आणि शिडांच्या कप्तानांना काम मिळेनासे झाले होते. पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस बॉस्टनच्या गोदीत मिळेल ते काम करू लागला. अशा वेळी, १८९२ च्या हिवाळ्यात, एबेन पिअर्स या व्हेल शिकारी जहाजांच्या जुन्या कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केले. त्याची थोडी दुरुस्ती करावी लागेल, एवढेच पिअर्सने सांगितले होते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील फेअरहेवन गावी जाऊन पाहतो तो काय, किनाऱ्यापासून दूर, एका शेतात टेकू लावून, कापडाखाली झाकलेली ‘स्प्रे’ नावाची जुनाट होडी उभी होती. सात वर्षे ती तशीच पडून होती. कप्तान आला तो ती मोडून लाकूड नेण्यासाठी, असा गावकऱ्यांचा समज झाला. ती पुन्हा बांधणार असल्याचे त्याने सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले.

तेरा महिन्यांची मेहनत

‘स्प्रे’ची पुनर्बांधणी हा स्लोकमच्या आयुष्यातला सर्वांत शांत आणि कदाचित सर्वांत समाधानाचा काळ असावा. होडीचा कणा त्याने जवळच्याच कुरणातल्या ओक वृक्षापासून केला. बरगड्यांसाठी ओकची कोवळी झाडे तोडून, पेटीत वाफेवर मऊ करून, ओंडक्यावर वाकवून घेतली. नाळेचा मुख्य खांब कुरणातल्या चिवट ओकच्या बुंध्यातून घडवला. पुढे हिंदी महासागरातील कीलिंग बेटांजवळ याच खांबाने पोवळ्याचा एक खडक दुभंगला आणि त्यावर ओरखडाही उठला नाही. बाजूच्या फळ्या दीड इंच जाडीच्या जॉर्जिया पाइनच्या होत्या. डोलकाठी न्यू हॅम्पशायरच्या स्प्रूस लाकडाची होती.

फळ्या बसवून झाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. लाकडी होडीचे आयुष्य तिच्या फटींवर अवलंबून असते. स्लोकमने प्रत्येक फटीत आधी कापसाचा पीळ आणि त्यावर डांबरी काथ्या ठोकून बसवला. येणारेजाणारे अनुभवी खलाशी हा कापूस पाण्यात बाहेर सरकेल म्हणून शंका काढत. तो सरकला नाही. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर तांब्याच्या रंगाचे दोन हात आणि वरच्या भागावर पांढऱ्या शिशाच्या रंगाचे दोन हात दिले गेले. तांब्याचा रंग केवळ शोभेसाठी नव्हता. उष्ण समुद्रात टेरेडो नावाचा शिंपल्यांच्या कुळातला जीव लाकडात शिरून ते आतून पोखरतो. बाहेरून धडधाकट दिसणारी होडी त्यामुळे आतून चाळणीसारखी होऊ शकते. तांबे या जीवाला मारक असते आणि शेवाळ व शंखशिंपल्यांनाही तळाला चिकटू देत नाही.

तयार होडी ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती. साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट इतका झाला. मजुरी स्वतःची, तेरा महिन्यांची. मधून मधून बंदरातल्या जहाजांच्या डागडुजीची कामे करून तो पोटापुरते मिळवी. जुनी होडी आणि नवी होडी यांतील सीमारेषा कुठे, हे सांगणे अवघड होते. एकेक भाग बदलत सारेच नवे झाले तरी जहाज तेच राहते, असा सागरी विम्याच्या व्यवहारातला संकेत होता आणि स्लोकमला तो पुरेसा होता.

समुद्रावरची डागडुजी

मासेमारीत जम बसेना, तेव्हा वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्याने जगप्रदक्षिणेचा निर्णय घेतला. २४ एप्रिल १८९५ रोजी ‘स्प्रे’ने बॉस्टन बंदर सोडले. ग्लॉस्टर येथे तांब्याच्या रंगाचे डबे होडीत चढले. पूर्ण आकाराची लहान नाव ठेवायला जागा नसल्याने त्याने एक टाकाऊ नाव मधोमध कापली आणि उघड्या बाजूला फळ्या ठोकल्या. ही अर्धी नाव किनाऱ्यावर जायला उपयोगी पडे आणि कपडे धुण्याचे टब म्हणूनही. जुन्या कालमापकाच्या दुरुस्तीसाठी पंधरा डॉलर लागणार होते, म्हणून तो घरीच ठेवून त्याने तडा गेलेल्या तबकडीचे पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला घेतले. पुढे ते बंद पडले तेव्हा त्याने ते चक्क पाण्यात उकळले आणि ते पुन्हा चालू लागले.

प्रवासाचा वृत्तांत वाचताना वादळे आणि चाचे लक्षात राहतात; पण तितकीच पाने दुरुस्तीने व्यापलेली आहेत. उरुग्वेच्या किनाऱ्यावर होडी वाळूत रुतली, तेव्हा पोहता न येणारा स्लोकम नांगर टाकताना बुडता बुडता वाचला. ब्वेनोस आयरेसला त्याने दक्षिणेकडील प्रचंड वाऱ्यांचा विचार करून डोलकाठी सात फुटांनी आखूड केली. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडताच वादळाने त्याला केप हॉर्नच्या दिशेने हाकलले आणि मुख्य शिडाच्या चिंध्या केल्या. कसाबसा सामुद्रधुनीत परतून, नांगर टाकून, त्याने सुईदोरा घेऊन शिडे पुन्हा शिवली आणि मागच्या बाजूला एक लहान डोलकाठी वाढवली. या मुक्कामात घाई न करण्याचा त्याचा स्वभाव त्याला तारून गेला.

१८९७ च्या आरंभी तो टास्मानियात पोहोचला. तेथील डेव्हनपोर्ट बंदरात ‘स्प्रे’ पाण्याबाहेर काढून वरपासून तळापर्यंत तपासण्यात आली. टेरेडोचा मागमूसही नव्हता. तरीही पुढचा मार्ग कोरल समुद्र आणि आराफुरा समुद्र अशा उष्ण पाण्यातून जाणार होता, म्हणून तळाला पुन्हा तांब्याचा रंग देण्यात आला. या काळजीचे फळ लगेच दिसले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळील थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल ‘स्प्रे’ने २३ दिवसांत कापले. एवढ्या काळात स्लोकमला सुकाणू हाती धरावे लागले ते जेमतेम तीन तास. होडीचा तोल आणि शिडांची बांधणी इतकी नेमकी साधली होती की ती स्वतःच मार्ग धरून चाले.

२७ जून १८९८ रोजी ‘स्प्रे’ न्यूपोर्ट बंदरात शिरली. स्पेनशी युद्ध सुरू असल्याने बंदराच्या मुखाशी सुरुंग पेरलेले होते. त्यांना चुकवत तो आत आला. काही दिवसांनी तो फेअरहेवनला गेला आणि होडी पहिल्यांदा पाण्यात उतरवताना जो देवदारी खुंट रोवला होता, त्यालाच त्याने तिला बांधले. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाने त्याला जगभर कीर्ती मिळवून दिली.

उतरती कळा

कीर्तीने थोडा पैसा दिला, स्वास्थ्य दिले नाही. १९०१ मध्ये बफलो येथील प्रदर्शनात ‘स्प्रे’ लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली. १९०२ मध्ये मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर त्याने शेत घेतले, परंतु जमिनीवर मन रमले नाही. हिवाळा आला की तो वेस्ट इंडीज बेटांकडे निघे आणि उन्हाळ्यात परते. १९०६ मध्ये न्यू जर्सी राज्यातील रिव्हर्टन येथे एका बारा वर्षांच्या मुलीशी असभ्य वर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. मूळचा अधिक गंभीर आरोप टिकला नाही, मात्र त्याला ४२ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्याच्या चरित्रातले हे प्रकरण झाकून ठेवण्यासारखे नाही.

या वर्षांत ज्यांनी ‘स्प्रे’ जवळून पाहिली, त्यांनी तिच्या बदललेल्या रूपाची नोंद केली आहे. दोर झिजलेले, रंग उडालेला, सामान अस्ताव्यस्त. कप्तानाचे कपडेही तसेच. एके काळी प्रत्येक फट हाताने चाचपणारा माणूस आता होडीकडे दुर्लक्ष करू लागला होता. वय साठीच्या पुढे गेले होते आणि पैशाची चणचण होती. नोव्हेंबर १९०९ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको आणि अ‍ॅमेझॉन नद्यांच्या शोधाला म्हणून व्हिन्यर्ड हेवन येथून एकटाच निघाला. त्यानंतर तो किंवा ‘स्प्रे’ कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत घोषित करण्यात आले.

एखाद्या आगबोटीची धडक बसली असेल, असे काहींचे मत. जुन्या झालेल्या होडीने खवळलेल्या समुद्रात दगा दिला असेल, असे इतरांचे. निर्णय कधीच होणार नाही. परंतु १८९७ मध्ये डेव्हनपोर्टला तळ तपासून घेणारा स्लोकम आणि १९०९ मध्ये निघालेला स्लोकम यांत मोठे अंतर पडले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

वारसा

स्लोकमचा काळ गेला. ज्या न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याने ‘स्प्रे’ उभी केली, तेथे आज हौशी लोकांच्या असंख्य यांत्रिक होड्या दिसतात. त्यांतील बऱ्याच स्टर्नड्राइव्ह प्रकारच्या असतात. यात इंजिन होडीच्या आत, मागच्या भिंतीलगत असते आणि पंखा फिरवणारा पाय भिंतीबाहेर पाण्यात लोंबतो. व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली. तेथील हिवाळा कडक असल्याने शरद ऋतूत होडी पाण्याबाहेर काढावी लागते, आणि कामाची यादी स्लोकमच्या काळापेक्षा फारशी वेगळी नसते. तळावरचे शेवाळ खरवडायचे. बाहेरच्या पायातील गिअरचे तेल काढून पाहायचे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजायचे. भिंतीतून पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता वाकवून, घड्या उघडून, चिरा पडल्या आहेत का ते तपासायचे. तो फाटला तर होडी धक्क्याला बांधलेल्या जागीच बुडू शकते. खारे पाणी आधी जस्ताला खावे आणि यंत्र वाचावे म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे झिजले असतील तर बदलायचे. इंजिनातील पाणी काढून न गोठणारे द्रावण भरायचे, नाहीतर पाणी गोठून फुगते आणि लोखंडी ठोकळा तडकतो. अखेर तळाला नव्याने रंग, ज्यात बहुधा आजही तांबेच असते. थोडी आयुधे आणि चिकाटी असलेला मालक यातले बरेचसे स्वतः करू शकतो. त्यात पैसा वाचतो, आणि समुद्रावर बिघाड झाला तर हात कुठे घालायचा हे ठाऊक असते.

स्लोकमनंतर सत्तर वर्षांनी इंग्लंडचे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १४ जून १९६८ रोजी निघून ते २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. त्यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती. वाटेत फळ्यांच्या फटींतून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी स्वतः समुद्रात उतरून, पाण्याखाली फटीत कापूस बसवून त्यावर तांब्याची पट्टी ठोकली. स्लोकमला हे काम अगदी ओळखीचे वाटले असते.

पुढे नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या होडीतून, मुंबईहून निघून मुंबईला परतत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. होडी बांधली जात असल्यापासून ते तिच्या सोबत होते, आणि तिची अंगोपांगे जाणून घेण्यातच त्यांच्या तयारीचा मोठा भाग गेला. स्लोकमच्या कामगिरीला तोवर शतकाहून अधिक काळ लोटला होता. साहित्य बदलले, उपग्रहांमुळे दिशा शोधणे सोपे झाले. प्रवासाआधी होडी पाण्याबाहेर काढून, हातात दिवा घेऊन तिच्या तळाखाली वाकून पाहण्याचे काम मात्र अजूनही माणसालाच करावे लागते.